पाणी कुठपर्यंत येईल?

नाशिकला गोदावरीच्या पात्रात, रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुती उभा आहे. पावसाळ्यात नाशिककर एकमेकांना पुराची खबर देतात ती या मारुतीच्या अंगावरून. ‘पाणी गुडघ्याला लागलं’, ‘कमरेपर्यंत आलं’, ‘छातीला टेकलं’, अशी ती खबर असते. मारुतीराय डोक्यापर्यंत बुडाले की पूर मोठा समजायचा. जवळच नारोशंकराच्या मंदिराची घंटा आहे. पाणी तिला लागले की महापूर. पुण्यात मुठेला पाणी सोडल्याचे कळले की पहिला प्रश्न असतो, ‘भिडे पूल बुडाला का?’ आणि नृसिंहवाडीला कृष्णेचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वारातून वाहू लागले की भाविक स्नानासाठी गर्दी करतात.

नदीकाठच्या बहुतेक गावांना अशी एखादी खूण असते. कुठे घाटाची पायरी, कुठे वडाचा पार, कुठे देवळाचा उंबरठा. वाडवडिलांनी या खुणा उगीच जपल्या नाहीत. टेलिफोन, रेडिओ नव्हते त्या काळी हीच त्यांची वेधशाळा होती. आज पुलाच्या खांबावर रंगवलेल्या मोजपट्टीवरून पाण्याची पातळी टिपणारा कर्मचारी तत्त्वतः तेच काम करीत असतो.

पण या खुणेत एक उणीव आहे. पाणी कुठपर्यंत आले होते एवढेच ती सांगते. पुढे कुठपर्यंत येईल, हे ती सांगू शकत नाही. आणि माणसाचे मन असे विचित्र की, जिथवर पाणी आले होते तीच त्याला पाण्याची शेवटची हद्द वाटू लागते.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेच्या काठी हेच घडले. २००५ च्या महापुराची खूण तिथल्या घरांच्या भिंतींवर होती आणि लोकांच्या मनातही होती. ‘२००५ ला आमच्या पायरीला पाणी लागलं नव्हतं, मग आता कशाला घर सोडायचं?’ असा हिशेब अनेकांनी केला. सामान माळ्यावर टाकले, गाडी मागच्या पुरात कोरड्या राहिलेल्या चौकात नेऊन लावली आणि पाणी ओसरायची वाट पाहत बसले. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास गेले. २००५ ची खूण पाण्याखाली गेली. हजारो कुटुंबांना भर पुरातून, मिळेल त्या बोटीने बाहेर पडावे लागले. पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळ गावाजवळ अशीच एक बोट उलटून अनेकांचे प्राण गेले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने २०१९ ची पातळीही मागे टाकली.

म्हणून ‘पाणी कुठपर्यंत आले होते?’ हा प्रश्न पुरेसा नाही. ‘पाणी कुठपर्यंत येईल, त्या वाटेत कोण आहे, आणि त्यांनी काय करावे?’ असे विचारायला हवे. या प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्या अभ्यासाला पुराच्या जोखमीचे मूल्यमापन आणि व्यवस्थापन म्हणतात. नाव जड आहे. पण त्यातली मुख्य गोष्ट घरातल्या शाळकरी मुलापासून आजीपर्यंत सर्वांना कळण्याजोगी आहे.

ओट्यावरचे पातेले

गॅसवर दुधाचे पातेले उकळते आहे. एवढ्याने काही बिघडत नाही, ते रोजच उकळते. पण नुकते उभे राहायला लागलेले मूल ओट्याशी आले आणि त्याने हात वर केला, तर काळजाचा ठोका चुकतो. त्या वेळी स्वयंपाकघरात मोठे माणूस असेल, पातेले मागच्या शेगडीवर असेल, तर अनर्थ टळतो. घरात कुणीच नसेल तर टळत नाही.

पुराचे शास्त्र नेमके हेच सांगते. जोखीम तीन गोष्टींनी बनते. पहिली, खुद्द धोका, म्हणजे किती पाणी, किती वेगाने, किती वेळ. दुसरी, त्या पाण्याच्या वाटेत काय आहे, म्हणजे घरे, शाळा, दवाखाने, विजेची रोहित्रे. तिसरी, त्या वाटेत असलेल्यांची सोसण्याची ताकद. तज्ज्ञ या तिन्हींचा गुणाकार करतात. निर्जन जंगलात कितीही मोठा पूर आला, तरी दुसरी संख्या शून्य असल्याने माणसाची जोखीम शून्य.

मुंबईचे उदाहरण घ्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवशी कुलाब्याला शंभर मिलिमीटरसुद्धा पडला नाही. हा झाला धोक्यातला फरक. जुनी पर्जन्यजलवाहिनी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशेबाने बांधलेली होती आणि मिठी नदीच्या काठावर दाट वस्ती होती. आणि त्याच वस्तीत, त्याच पाण्यात, वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने दोन दिवस अंधारात काढले, तर तळमजल्यावरच्या बाईचे शिलाई मशीन, मुलांची पुस्तके आणि वर्षाचे धान्य गेले. पाणी दोघांच्या दारात आले. मोडला तो एकाचा संसार.

ही तिसरी संख्या आपण बहुधा विसरतो. अंथरुणाला खिळलेले आजोबा, दिवस भरत आलेली लेक, रोजंदारी बुडू नये म्हणून घर न सोडणारा मजूर, गोठ्यातली दोन जनावरे सोडून जायला तयार नसलेला शेतकरी, यांच्यासाठी चार फूट पाणी आणि तरुण, धडधाकट, बँकेत पैसे असलेल्या माणसासाठी चार फूट पाणी, हे सारखे नसते.

शंभर वर्षांचा पूर

पुराच्या बातम्यांत एक शब्दप्रयोग हमखास येतो, ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’. याने जेवढा गैरसमज केला आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने केला असेल. ऐकणाऱ्याला वाटते, यंदा येऊन गेला, आता आपल्या नातवंडांनी काळजी करावी.

मोठ्या पुरांचे हे गणित मांडणाऱ्यांत एमिल गुम्बेल या जर्मन गणितज्ञाचे नाव अग्रगण्य आहे. युद्धविरोधी आणि नाझीविरोधी मतांमुळे त्यांना हायडेलबर्ग विद्यापीठातील जागा गमवावी लागली. ते आधी फ्रान्सला आणि तिथून १९४० मध्ये अमेरिकेला गेले. नदीच्या दरवर्षीच्या सर्वांत मोठ्या पुराचे आकडे ओळीने मांडून त्यावरून दुर्मिळ पुराची शक्यता काढण्याची त्यांची पद्धत आजही भारतासह जगभरच्या जलशास्त्राच्या वर्गांत शिकवतात.

त्या गणितानुसार शंभर वर्षांचा पूर म्हणजे कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक असलेला पूर. ल्यूडो खेळताना सहाचे दान पडले म्हणजे पुढचे पाच डाव सहा पडणार नाही, असे कुणी समजत नाही. फाशाला मागचे आठवत नाही. नदीच्या बाबतीतही दर पावसाळ्यात फासा नव्याने टाकला जातो.

आता थोडा हिशेब करू. बहुतेक घरे वीस वर्षांच्या कर्जावर घेतली जातात. शंभर वर्षांच्या पुराच्या पातळीवर घर असेल, तर कर्जाचा शेवटचा हप्ता फिटेपर्यंत एकदा तरी पाणी दाराशी येण्याची शक्यता सुमारे १८ टक्के. पंचवीस वर्षांच्या पुराच्या पातळीवर घर असेल, तर हीच शक्यता ५६ टक्के, म्हणजे छापा-काट्यापेक्षाही जास्त. आणि सत्तर वर्षे जगणाऱ्या माणसाला शंभर वर्षांचा पूर आयुष्यात एकदा तरी पाहावा लागण्याची शक्यता जवळजवळ निम्मी आहे. दुर्मिळ म्हणून ज्याकडे आपण पाठ फिरवतो, ते एका आयुष्याच्या हिशेबात मुळीच दुर्मिळ नाही.

मातीच्या थरातली नोंदवही

हा हिशेब ज्या आकड्यांवर उभा आहे ते आकडे किती वर्षांचे? आपल्या पुष्कळशा नद्यांवरच्या नियमित नोंदी काही दशकांच्याच आहेत. पन्नास वर्षांच्या नोंदींवरून शंभर किंवा पाचशे वर्षांच्या पुराचा अंदाज बांधणे म्हणजे मुलाच्या पहिलीच्या गुणांवरून त्याच्या पदवीचा वर्ग सांगण्यासारखे आहे.

म्हणून संशोधक जुन्या नोंदी वेगळ्या ठिकाणी शोधतात. पुणे विद्यापीठाचे भूगोलतज्ज्ञ डॉ. विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदा, तापी अशा नद्यांच्या खोऱ्यांत हे काम केले. मोठ्या पुराचे पाणी उपनदीच्या मुखाशी किंवा खडकाच्या आडोशाला जाऊन थबकते, तेव्हा त्यातला बारीक गाळ तिथे बसतो. पुढचा मोठा पूर त्यावर आणखी एक थर चढवतो. असे थर मोजून, त्यांचे वय काढून, शेकडो वर्षांपूर्वी पाणी किती उंच चढले होते ते कळू शकते. लिहिलेली वही नसली, तरी नदीने स्वतःची नोंदवही ठेवलेली असते.

पण जुनी वही सापडली तरी आणखी एक अडचण उरते. पाऊसच बदलतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मध्य भारताच्या पट्ट्यात विस्तृत प्रदेशावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. महिनाभराचा पाऊस चार दिवसांत पडला, तर वर्षाची सरासरी तीच राहते आणि घर मात्र बुडते. आजोबांच्या अनुभवावर विसंबणे अवघड झाले, त्याचे हे एक कारण.

नदीची जागा

दुसरे कारण आपणच निर्माण केलेले आहे. ते समजून घ्यायला दिल्लीला जाऊ.

यमुनेच्या पाण्यावर दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी लक्ष ठेवले जाते. भारतात पुराचा शास्त्रीय अंदाज देण्याची सुरुवात १९५८ मध्ये याच ठिकाणापासून झाली. तिथे १९७८ च्या पुरात पाणी २०७.४९ मीटरपर्यंत चढले होते. पंचेचाळीस वर्षे तो उच्चांक टिकला. मग १३ जुलै २०२३ ला पाणी २०८.६६ मीटरवर गेले. लाल किल्ल्यामागचा रस्ता बुडाला, पाणी शुद्धीकरण केंद्रे बंद पडली आणि पुराने वेढलेल्या राजधानीत पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली.

यात चक्रावून टाकणारी गोष्ट पुढेच आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये हरियाणातल्या हथनीकुंड बराजमधून आठ लाख क्यूसेकहून अधिक पाणी यमुनेत आले होते. तेव्हा दिल्लीत पातळी २०६.६० मीटरच्या आसपास राहिली. २०२३ मध्ये तिथून आलेले जास्तीत जास्त पाणी साडेतीन लाखांच्या थोडेसेच वर होते. पाणी निम्म्याहून कमी आणि पातळी दोन मीटरने जास्त! बराजच्या काही दारांचे न उघडणे, पाणी किती वेळ चढते राहिले, अशी कारणे त्यात होतीच. पण पात्रात साचलेला गाळ आणि पूरमैदानात झालेली बांधकामे व भराव यांकडे जाणकारांनी बोट दाखवले. घागरीत दगड भरले की थोडे पाणी ओतूनही ती काठोकाठ भरते.

पूरमैदान ही रिकामी पडलेली जमीन नसते. पावसाळ्यात हातपाय पसरायला नदीने ठेवलेली ती तिचीच जागा असते. म्हणूनच महाराष्ट्रात १९८९ च्या शासकीय परिपत्रकांपासून नदीकाठी दोन रेषा आखण्याची पद्धत आहे. निळी रेषा साधारणपणे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध. तिथे बाग, मैदान, शेती चालेल, घर चालणार नाही. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे जोत्याची उंची वगैरे अटी पाळूनच बांधकाम करायचे. वर आपण केलेला ५६ आणि १८ टक्क्यांचा हिशेब हा या दोन रेषांचाच हिशेब आहे.

देशपातळीवर केंद्र सरकारने पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना कायद्याचा मसुदा १९७५ मध्येच राज्यांना पाठवला होता. तो कायद्यात आणणाऱ्या राज्यांची नावे एका दमात संपतात. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि पूर्वीचे जम्मू-काश्मीर राज्य. राष्ट्रीय पूर आयोगाने १९८० मध्ये देशातले ४ कोटी हेक्टर क्षेत्र पूरप्रवण असल्याचे सांगितले होते. म्हणजे देशाच्या भूमीचा जवळजवळ आठवा हिस्सा. एवढ्या मोठ्या प्रश्नावर एवढी थोडी हालचाल का, याचे उत्तर कठीण नाही. नदीकाठचा भूखंड महाग असतो, आणि रेषा कागदावर असली तरी भिंत विटांची असते.

बांधाच्या आडोशाने

‘मग नदीला दोन्हीकडून भक्कम बांध घालून टाका, म्हणजे कटकट मिटली,’ असे कुणीही म्हणेल. बिहारमध्ये तेच केले गेले. १९५४ मध्ये तिथे सुमारे १६० किलोमीटर लांबीचे बांध होते आणि पूरप्रवण क्षेत्र २५ लाख हेक्टर होते. पुढच्या काही दशकांत बांधांची लांबी तीन हजार किलोमीटरच्या वर गेली. पूरप्रवण क्षेत्र घटायला हवे होते, ते ६८ लाख हेक्टरच्या पुढे गेले. हिमालयातून अमाप गाळ आणणारी नदी दोन भिंतींत कोंडली की तो गाळ पात्रातच साचतो, तळ वर येतो, आणि बाहेरचे पावसाचे पाणी नदीत उतरू शकत नाही. कोसीच्या दोन बांधांच्या मधल्या पट्ट्यात तर शेकडो गावे अडकली. त्यांच्या वाट्याला पूर दरवर्षी येतो.

१८ ऑगस्ट २००८ ला नेपाळमधल्या कुसहा येथे कोसीचा पूर्वेकडचा बांध फुटला. तो साडेनऊ लाख क्यूसेक पाणी सोसेल अशा हिशेबाने बांधलेला होता. फुटला त्या दिवशी नदीत दोन लाख क्यूसेकसुद्धा पाणी नव्हते. नदीने वाट बदलली, आणि कित्येक दशकांत ज्यांनी पूर पाहिला नव्हता अशा मुलखात शिरली. तिथे ना होड्या होत्या, ना उंच ओटे, ना पुराची सवय. तीस लाखांहून अधिक लोकांना त्याची झळ बसली.

गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात हेच दुखणे ओळखले होते. सरकार बांधांवर आणि धरणांवर खर्च करीत असूनही पुराचे नुकसान वाढत का जाते, हा त्यांचा प्रश्न होता. बांध झाला की लोक निर्धास्त होतात, बांधाच्या आड वस्ती वाढते, आणि मग बांधाच्या ताकदीपलीकडचा एकच पूर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त हानी करतो. बांध नकोत, असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. दाट वस्तीच्या शहराला ते लागतातच. पण बांधाने जोखीम कमी होते, संपत नाही, आणि उरलेल्या जोखमीचा विचार बांधाच्या आड राहणाऱ्याने करायचा असतो.

आकडा आणि पायरी

आता इशाऱ्याकडे वळू. केंद्रीय जल आयोगाची पूर अंदाज केंद्रे आज देशभरात तीनशेहून अधिक आहेत. मुंबईसाठी केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने महापालिकेच्या साहाय्याने २०२० मध्ये ‘आयफ्लोज’ ही यंत्रणा सुरू केली. पावसाचा अंदाज, समुद्राची भरती, जमिनीचा चढउतार, नद्या आणि नाले या सर्वांची सांगड घालून कोणत्या भागात पाणी तुंबेल हे ती सांगू पाहते. ढगांतून आरपार पाहणाऱ्या रडारचे उपग्रह भर पावसात बुडालेल्या जमिनीचे नकाशे देतात. पूर्वी कल्पनाही करता येणार नाही एवढी माहिती आज हाताशी आहे.

अडते ते शेवटच्या टप्प्यावर. ‘धरणातून एक लाख क्यूसेक विसर्ग’ ही बातमी आपण भाकरी मोडता मोडता ऐकतो आणि पुढच्या बातमीकडे वळतो. एक क्यूसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी, सुमारे २८ लिटर. एक लाख क्यूसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लाख लिटर. उन्हाळ्यात दारात येणारा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे २८० टँकर, दर सेकंदाला, रात्रंदिवस. तरीसुद्धा यावरून माझ्या अंगणात पाणी येणार की नाही, ते मला कळत नाही. मला कळायला हवे ते असे: राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी असेल, तर आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी किती फुटांना येते, आमच्या पायरीला किती फुटांना लागते, आणि बाहेर पडायचा रस्ता त्याआधी किती फुटांना बंद होतो?

यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. अनेक घरांत पाणी शिरण्याच्या कितीतरी आधी गावाबाहेर जाणारा सखल रस्ता किंवा ओढ्यावरचा पूल बुडतो. घर कोरडे आहे म्हणून थांबलेले कुटुंब त्या क्षणी बेटावर अडकलेले असते. हा आकडा कुठल्याही उपग्रहापेक्षा गावातल्या माणसांना नीट ठाऊक असतो. शास्त्राने मीटर सांगावेत आणि गावाने त्यांच्या पायऱ्या कराव्यात, तरच इशारा उंबरठ्याच्या आत येतो.

घरचा हिशेब

हे काम पावसाळ्याआधीच्या एका रविवारी, सगळे घर एकत्र बसून होण्यासारखे आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची सवय आपण पुराच्या बाबतीत तरी सोडावी.

घर घेणार असाल, किंवा भाड्याने राहायला जाणार असाल, तर हॉल किती मोठा, पाणी किती वेळ येते, एवढेच विचारून थांबू नका. जवळ नदी, ओढा किंवा नाला असेल, तर नगरपालिकेत किंवा जलसंपदा विभागाच्या कार्यालयात पूररेषेचा नकाशा पाहायला मागा. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी महापालिकेत आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे चौकशी करावी. बिल्डरच्या तोंडी आश्वासनावर राहू नये. आजूबाजूच्या जुन्या रहिवाशांना, किराणा दुकानदाराला विचारा. बंद पडलेल्या नाल्यावर उभी राहिलेली वसाहत त्यांच्या लक्षात असते.

पूरपट्ट्यात राहतच असाल, तर जवळच्या मोजपट्टीचा आकडा आणि आपली पायरी यांची जोडी लावा आणि ती दाराआड लिहून ठेवा. कोणत्या आकड्याला कागदपत्रे आणि औषधे पिशवीत भरायची, कोणत्या आकड्याला आजी-आजोबांना आणि लेकरांना नातेवाइकांकडे पोचवायचे, कोणत्या आकड्याला मुख्य स्विच बंद करून सर्वांनी निघायचे, हे आधीच ठरवा. जनावरे असतील तर त्यांची जागाही ठरवा आणि निघताना एकही जनावर दाव्याला बांधलेले राहू देऊ नका. भर रात्री, पाणी चढत असताना, घरात वाद घालून घेतलेला निर्णय बहुधा उशिराचा असतो. आधी ठरलेली गोष्ट मात्र वादाशिवाय होते.

गल्लीत एकटे राहणारे म्हातारे माणूस, अपंग व्यक्ती, गरोदर स्त्री कोण आहे याची यादी करा, आणि कुणाला कोण बाहेर काढणार ते नावानिशी ठरवा. गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी जी मंडळे इतक्या चोख ठेवतात, त्यांना हे काम अवघड नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक आणि तातडीच्या मदतीचा ११२ हा क्रमांक मुलांना पाठ करून घ्या.

घराच्या आणि गाडीच्या विम्यात पुराचे नुकसान भरून मिळते का, ते पॉलिसी उघडून वाचा. नुसत्या थर्ड पार्टी विम्यात ते मिळत नाही. बुडालेली गाडी सुरू करून पाहू नका, इंजिनाचे खरे नुकसान तेव्हाच होते. वाहते पाणी गुडघाभर असले तरी त्यात उतरू नका. साचलेल्या पाण्यातून चालावे लागले असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका ओळखून एक ते तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारा. पाणी उकळून प्या. आणि वीजमंडळाचा माणूस पाहून जाईपर्यंत ओल्या भिंतीवरच्या बटणाला हात लावू नका.

एवढे केले तरी पूर यायचा तो येईल. पाऊस आपल्या हातात नाही, वरच्या धरणाचे दार आपल्या हातात नाही. पण जोखमीच्या गुणाकारातल्या तीन संख्यांपैकी दोन बऱ्याच अंशी माणसांच्या हातात आहेत. त्याच्या वाटेत कुठे राहायचे, हे काही अंशी सरकारच्या आणि काही अंशी आपल्या हातात आहे. आणि वाटेत राहावेच लागले तर किती लवकर बाजूला व्हायचे, हे तर घरातल्या माणसांच्याच हातात आहे.

ज्यांना नदीकाठी राहण्यावाचून दुसरा पर्याय नाही, त्यांच्यासाठी ही शेवटची गोष्ट सर्वांत मोलाची आहे. धान्य पुन्हा भरता येते, भिंत पुन्हा लिंपता येते. पाणी पायरीला लागायच्या आधी घर रिकामे झालेले असले, तर पूर ओसरल्यावर त्या घरात परत यायला सगळी माणसे असतात.